अठ्ठावीस दिवस

रेतीबंदरावर
पदाजी बुडी मारायचा, बादली घेऊन.
तळाची रेती वर येईतो
कानांत खाडी वाजत राही.
आता तुर्भ्याच्या क्रशरवर वॉचमन आहे.
मागे भुकटीचा ढीग,
डोंगर फोडून उरलेला.

मी विचारलं, ही रेतीच्या जागी चालेल?
त्यानं चिमूटभर घेतली, चोळली,
जिभेवर ठेवली.
"खारट नाय," म्हणाला.
मग बराच वेळ बोटं पुसत,
"कोपरं हायत हिला. पानी जास्ती पिईल."

लॅबच्या टाकीत ठोकळे बुडवलेत,
प्रत्येकावर लाल रंगात तारीख.
अठ्ठाविसाव्या दिवशी काढून
दाबाखाली फोडायचे.

पदाजी टाकीवर वाकतो,
श्वास धरतो.
"यांना वर काडाला
कोन येनार?"

मी तारीख सांगते.