घाट

चातुर्मास लागला की लग्नं थांबतात.
दिलरंग बँडचे लाल कोट खुंटीला टांगलेले,
आणि पारोळ्याच्या त्या पत्र्याच्या खोलीत
झिपरू मास्तर मला क्लॅरिनेट शिकवतात.

स्वतः वाजवत नाहीत. कवळी बसवल्यापासून
पत्ती ओठात ठरत नाही त्यांच्या.
सूर माझ्या हातावर सांगतात,
कोपरापासून मनगटापर्यंत
बोटं पडतात, उठतात,
कोणता ते मी ओळखायचं.
चुकलं की चिमटा.

खालची पट्टी लवकर आली,
जाड, हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखी.
भोकं पुरी झाकायची, बस.
पेरांवर गोल वळ उमटतात,
दुकानात पंक्चर काढताना
ग्रीसखालूनही दिसतात.

मग डाव्या अंगठ्याची किल्ली.
मला वाटलं, बासरीसारखंच असेल,
तीच बोटं, सा चा वरचा सा.
दाबली, तर आला पंचम,
तोही अख्खं सप्तक ओलांडून.
मास्तर कवळी सावरत हसले,
"हाई वाकडी जात शे भो.
सा मांग, पंचम देस."

दोन पट्ट्यांच्या मधे घाट आहे.
चढताना एकेक बोट सुटत जातं,
शेवटी नळी जवळजवळ मोकळी,
सूर पातळ, टाकीच्या तळातल्या पाण्यासारखा,
आणि पुढच्याच पायरीला
आठ बोटं एकदम खाली.
एक जरी मागे राहिलं की किंचाळी,
आणि समोरच्या गिरणीतून बापू:
"कोंबडी मरनी का रे?"

बावीस दिवस कोंबडी मेली.

तेविसाव्या संध्याकाळी लाईट गेली.
गिरणीचा पट्टा फडफडून थांबला.
अंधारात मास्तरांनी
माझा उजवा अंगठा धरला,
"याले काय काम शे?"
काही नाही, म्हटलं. वजन धरायचं.
त्यांनी स्वतःचा माझ्या तळव्यावर घासला:
चिंचोक्याएवढा घट्टा, तसाच कडक.
"चाळीस वरीस. एक सूर नही वाजाडा यानी."
जरा थांबून,
"वर जावाले जोर नही लागस.
फक्त हाऊ हालू देऊ नको."

फुंकलं.
फार स्वच्छ नाही, कडेला थोडा फाटका,
पण पलीकडचा होता.

बापू गिरणीच्या ओट्यावरच बसलेला असणार,
त्याची बिडी दिसत होती.
काहीच बोलला नाही.