करडी काच

दवाखान्यातून मिळाला तो गॉगल कसला,
दोन्ही बाजूंनी बंद असा काळा डबा.
तो घालून जेल रोडला बसला हात केला
तर कंडक्टर खाली उतरला, दंडाला धरून चढवलं मला,
आणि माझ्या तळहातावरचे सुटे पैसे
मोठ्याने मोजून घेतले.
मला!
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटाच तपासल्या मी.

म्हणून आज मेन रोड.

हातिमभाईंच्या दुकानातला आरसा इतका छोटा
की चेहरा मावतो, अंबाडा बाहेर राहतो.
"मावशी, तुमचा चेहरा गोल. गोलाला चौकोनी फ्रेम."
त्रेसष्ट वर्षांत चेहऱ्याचा आकार
कुणी सांगितला नव्हता.
बघायला आले तेव्हा रंगावर बोलले, उंचीवर बोलले.
नाकावर सासूबाई बोलल्या,
एकदाच, पण पुरेसं.

चौकोनी घातला. नगरसेविका दिसले,
आत्ताच सुलभ शौचालयाची फीत कापून आलेली.
पायलटवाला घातला, तर पुसायला ठेवलेला पोरगा
हातातलं फडकं लपवून सावधान उभा राहिला.
मांजरडोळ्यांचा घातला
आणि आरशात पुष्पलता आली. आमच्याच सेक्शनची,
पगाराच्या दिवशी असला गॉगल लावून गेटबाहेर पडायची,
आम्ही सगळ्या हसायचो.
मी जरा जास्तच.
तो मी सावकाश घडी करून ठेवला.

मग तपकिरी काच.
आणि सगळा मेन रोड एकदम ओळखीचा झाला,
कोऱ्या चहात बुडवून काढल्यासारखा.
अगं बाई, हेच तर बघत होते मी इतकी वर्षं!
म्हणत होते, हल्ली पांढरं काही पांढरं निघत नाही.
तीन साबण बदलले.
रंगाऱ्याशी भांडून हॉलची भिंत पुन्हा मारून घेतली.
बिंदू माझ्या डोळ्यात होता
आणि दोष मी भिंतीला दिला.
"हा शोभतोय," हातिमभाई म्हणाले.
"माहितीये," म्हटलं, "नको."

शेवटी करड्या काचेचा.
घालायच्या आधी उजेडाकडे तिरका धरला. सवय.
डावा कोपरा, मध्य, उजवा कोपरा,
आणि तिथे चरा. केसाएवढा.
हातिमभाईंनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, घातला.
"इथे काही नाही, मावशी."
"आहे."
पोरगा म्हणाला, नाही. शेजारचा पट्टेवाला येऊन म्हणाला, नाही.
प्रेसमध्ये ही वस्तू
मी मान वर न करता बाजूला टाकली असती.
"आठ दिवसांत दुसरा मागवतो."
तोवर मी तो घालून बसले होते.

हलवून पाहिलं, वाकून पाहिलं, चप्पल नीट केली.
फ्रेम जागची हलली नाही.
"असं नाक पाहिजे," हातिमभाई म्हणाले,
"नाहीतर लोकांचे घसरतात, दिवसभर बोटाने वर ढकलतात."
सासूबाई,
ऐकलंत ना?

चारशे ऐंशीचा. चऱ्याचे ऐंशी कमी केले,
त्यांना न दिसलेल्या चऱ्याचे. भला माणूस.
त्यांनी माझ्या नोटा उजेडात धरल्या नाहीत,
मी मात्र त्यांनी परत दिलेली शंभराची
अंगठ्याने चाचपली. चांगली होती.

बाहेर ऊन नुसतं सांडलेलं.
करड्या काचेतून ते बसून बोलल्यासारखं वाटलं,
ओरडत नव्हतं.
बसस्टॉपकडे जायचं ते उगाच वळले तांबट आळीत.
एकजण नवा हंडा पायांत धरून ठोकत होता,
ठण, ठण, आणि प्रत्येक ठोक्याला एक खळी
उजेड धरून राहायची.
काचेतून तो हंडा राखेसारखा दिसत होता.

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, महिनाभर उन्हात काढायचा नाही.

काढला.
तीन ठोके मोजले,
आणि पुन्हा घातला.