शिंगाचा पेला

चाक माझ्या हातात असतं.
हे मी गावात कुणाला सांगत नाही,
उगाच मान देतात.

सोळा बार्ज, पोटात कच्चं लोखंड,
मागून रेटणारी आमची एक बोट,
आणि यंदा गुडघ्याला आलेली पॅराग्वे नदी.

हुकूम लेदेस्माचा.
खांद्यावर चार पट्ट्या, खिशात कंपनीचा शिक्का.
तो म्हणतो, ‘डावीकडे दहा’,
मी म्हणतो, ‘डावीकडे दहा’,
मग तीनशे मीटर लोखंड
विचार करायला घेतं.

कोपऱ्यात डॉन एउलोहियो, वाटाड्या.
कागदोपत्री नुसता सल्लागार.
पगार माझ्याहून थोडा बरा, दात माझ्याहून कमी.
गुडघ्यांत बर्फाचा थर्मास, हातात बैलाच्या शिंगाचा पेला,
नळीनं तेरेरे ओढत बसायचा,
सुर्र, सुर्र, रात्रभर,
चंद्र असो नसो.

त्या रात्री कोंसेप्सियोनच्या वर
लेदेस्मा म्हणाला, ‘सरळ’.
नकाशातही सरळच होतं.
मी म्हणालो, ‘सरळ’.
सुर्र थांबली.

बस्स, एवढंच.
म्हातारा बोलला नाही, हलला नाही,
पेला मांडीवर ठेवून काळोखाकडे बघत राहिला,
पोराचं चुकलेलं गणित
बाप बघतो तसा.
इंजिन तेवढं धडधडत होतं.
लेदेस्मा खाकरला.
‘उजवीकडे पाच. नाही, आठ.’
हुकूम त्याचाच. नोंदवहीत सही त्याचीच.

डावीकडून वाळूचा दांडा सरकत गेला,
वर एका पायावर झोपलेला बगळा
जागासुद्धा झाला नाही.
शेवटच्या बार्जची शेपटी तेवढी घासली,
आणि शपथेवर सांगतो, त्या घडीला
माझ्या हातात होतं ते
जत्रेतल्या खोट्या मोटारीचं चाक.
फिरवत होतो. फिरत होतं.
नदीनं सोडलं म्हणून सुटलो.

असुन्सियोनला म्हातारा उतरला, मोतीबिंदूसाठी,
परत आला नाही.
कंपनीनं त्याच्या जागी एक पडदा बसवलाय.
रंगीत आहे, बडबडतोही.
लेदेस्मा त्याला रागावतो
आणि हुकूम देण्याआधी अजून क्षणभर थांबतो,
कान कोपऱ्यातल्या खुर्चीकडे.

परवा मी माझा पेला आणला.
एका हातानं चाक, एका हातानं सुर्र, सुर्र.
तेच वळण आलं. मध्येच थांबलो.

‘काय?’ लेदेस्मा गर्रकन वळला.
‘काही नाही, बर्फ संपला.’

तरी त्यानं वेग कमी केला.