पहिलं भोक

खांद्यानं हात वर केले, म्हणजे केलेच नाहीत.
एकेचाळीस वर्षं कोळंबीची जाळी ओढल्यावर
उजवा दंड आता कानाच्या वर जात नाही,
चर्चमध्येसुद्धा.

पाय मात्र शाबूत.
म्हणून हूमा गावातल्या दुकानात, मंगळवारी,
लाकडी घोडीवर चढवलेल्या होडीत बसून
मी हवेतच पेडल मारत होतो,
आणि विकणारा पोरगा ब्रेडन
नुकत्या फुटलेल्या दाढीवरून हात फिरवत उभा.
ही पंखांची, सर. पाय मागंपुढं. पाण्याखाली पेंग्विन.
ही पंख्याची. पाय गोल. उलटे फिरवले की मागं येते.

मी विचारलं, कालवांच्या बेटावर आपटली तर?
नकाशा बघून जायचं, सर.

त्याला काय सांगू.
माझ्या बापाच्या नकाशात जिथं गाई चरतात
तिथं आज छातीभर पाणी आहे
आणि पाण्याखाली कुंपणाचे खांब, तारेसकट.
पंख्याची घेतली.
आमच्या बायूमध्ये मागं येता आलं पाहिजे.

दुकानामागं नेऊन पिकअपवर चढवून पाहिली.
एकट्यानं, डाव्या खांद्यानं, तीनदा.
तिसऱ्यांदा ब्रेडन तोंड फिरवून उभा राहिला,
भला पोरगा.

त्याच्या मते रंग गवताचा हवा,
माशाला दिसत नाही.
मी म्हटलं, टगबोटीच्या कप्तानालाही दिसत नाही.
पिवळी आणली.
व्हर्निस अंगणात आली, कमरेवर हात.
बावीस वर्षं स्कूलबस चालवलेली बाई.
म्हणाली, माझी बस परत आणलीस की काय, क्लोव्हिस?

मग आठवडाभर गॅरेजात.
दुधाचा क्रेट, त्याला पाइपचे तीन तुकडे, तीन गळांसाठी.
नांगर, चार पौंडांचा, खेळण्यासारखा.
जावयानं दिलेला मासे दाखवणारा पडदा,
त्याची वायर कुठून आत घ्यायची
हे छापलंय अकरा भाषांत, आणि कळत एकीतही नाही.

शेवटी ड्रिल हातात घेतलं.
आणि हात थांबला.

जन्मभर मी भोकं बुजवली.
डांबरानं, शिशानं, एकदा वादळात
स्वतःच्या सदऱ्याचा बोळा करून.
आता नव्याकोऱ्या होडीला,
जिचा अजून एक हप्ताही फिटला नाही,
आपल्याच हातानं भोक पाडायचं?
व्हर्निस दारातून म्हणाली,
कान टोचताना पोर रडतं, बाप नाही.

पिवळी भुकटी उडाली. पाडलं.
सात भोकं, सातही सीलंटनं लिंपली,
रात्री उठून टॉर्चनं पाहिली.

जुन्या ट्रॉलरचा पितळी खुंटा मी जपून ठेवलाय,
बाकीची भंगारवाल्यानं वजनावर नेली.
तो नाकावर लावून पाहिला.
होडीनं मान खाली घातली.
काढला. परत खिडकीत ठेवला.

शनिवारी, उजेड फुटायच्या आत, पाण्यात.
इंजिन नाही, डिझेलचा वास नाही,
फक्त गुडघ्यांची कुरकुर आणि बोईटांच्या उड्या.
पाणकोळी वळूनसुद्धा बघेनात.
वाटलं, हे आधी का नाही केलं,
मग वाटलं, आधी पोरांची पोटं होती.

अर्ध्या मैलावर होडी जड झाली.
मागचं टोक बसत चाललं,
जणू कुणी न विचारता मागं येऊन बसलंय.
सातही भोकांवरून बोट फिरवलं. कोरडी.

परत आलो तर धक्क्यावर व्हर्निस उभी,
गाऊनमध्ये, हात पुढं केलेला,
तळहातावर काळं, अंगठ्याएवढं
बुडाचं बूच.
कारखान्यानंच पाडलेलं आठवं भोक
मी मोजलंच नव्हतं.

काही बोलली नाही ती. हसूही दाबलं,
ते जास्त लागलं.

दोघांनी मिळून होडी कलती केली.
पाणी गेलं, गेलं, जातच राहिलं,
आणि शेवटच्या धारेबरोबर एक कोळंबी
गवतावर पडली, पेराएवढी, काचेसारखी, उड्या मारणारी.

इतकी महाग मी कधी धरली नव्हती.
ओंजळीत घेऊन पाण्यापाशी गेलो.
उजव्या हातानं सोडली.
तेवढा तो खाली जातो.