आरग ते बेळंकी

तहसीन म्हणते, गार्डकाका, दोनच ठिकाणं सांगायची:
फोटो इथून निघतो, फोटो इथं थांबतो.
एक पिवळी टिकली इथं ठेवा, एक तिथं,
मधलं सगळं मशीन बघतं.
टिकलीला म्हणायचं कीफ्रेम.

मी म्हटलं, पोरी, हे मला येतं.
चौतीस वर्षं हेच केलं.
टाइमटेबलात आरग असतं, नऊ अठरा,
बेळंकी असतं, नऊ एकेचाळीस,
मधल्या बाभळी कुणी लिहीत नाही.

येत नव्हतं.
पहिल्या दिवशी सुमनमावशी उजव्या कडेनं जी शिरली
ती थेट डाव्या कडेनं बाहेर.
दुसऱ्या दिवशी बापू टोपीसकट उलटे फिरले
आणि मी घाबरून कॉम्प्युटरचा खटकाच बंद केला.
तहसीन हसली नाही.
पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक हसलं.

मग ती म्हणाली, हिसका बसतोय बघा.
निघताना हळू, थांबताना हळू. त्याला बटण आहे.
बटण!
आमच्याकडे त्याला मुजावर ड्रायव्हर होता.
गाडी निघाली हे खिडकीतला खांब सांगायचा,
हातातला चहा सांगायचा नाही.

फोटो भालूअण्णाच्या पंच्याहत्तरीसाठी.
त्याच्या नातीनं मागितलेत. अण्णानं नाही.
आमचं बोलणं नाही, एकोणीस वर्षं.
कारण सांगण्यासारखं नाही:
बापूंचं शिलाई मशीन कुणाकडं राहायचं,
आणि त्यावरून माझ्या तोंडून गेलेलं एक वाक्य.

फोटो मी गार्ड झालो त्या दिवसाचा.
मिरजेचा नॅरोगेजचा फलाट, नऊ माणसं.
अण्णा डाव्या टोकाला,
मी उजव्या, बगलेत हिरवं निशाण.
टिकली अण्णावर, टिकली माझ्यावर,
चार सेकंद.

चौकट निघाली.
बापूंच्या टोपीवरून,
आईच्या मिटल्या डोळ्यांवरून (नेमक्या वेळी मिटायची),
कुणाचं तरी कडेवरचं पोर,
पाण्याचा रांजण,
आणि मी.

परत लावलं. परत लावलं.
तहसीननं दुकानाचं अर्धं शटर ओढलं.

अण्णावर झूम केलं, दोनशे चाळीस टक्के.
चेहरा बाजरीच्या दाण्यांसारखा सुटा झाला,
पण नजर कळते.
आठजण कॅमेऱ्याकडं बघताहेत,
अण्णा माझ्याकडं.
माझ्याकडं कशाला बघेल,
कोटाच्या खांद्याकडं बघत असेल.
पांढरा कोट त्यानंच शिवला होता,
रात्रभर जागून, त्याच मशीनवर,
आणि डावा खांदा जरा ओढत होता.
मी ते त्याला सांगितलं नव्हतं.
त्याला तिथून दिसत होतं.

तहसीन काही बोलली नाही, नखानं माउस टोकरत राहिली.
मग म्हणाली, उलटं करूया?
तुमच्यापासून निघू, त्यांच्याकडं थांबू?

पहिली टिकली माझ्यावर.
शेवटची अण्णावर.
मध्ये आईवर एक जादा ठेवली,
स्टेशन नाही तिथं, नुसता हॉल्ट,
मुजावर उगीच इंजिनाला पाणी दाखवायला थांबायचा तसला.
आणि चार सेकंदांचे तेवीस केले.

तेवीस? काका, लोक जेवायला उठतील.
उठू देत.

आता पट्टी भरतेय. एकसष्ट टक्के.
कॉम्प्युटरचा पंखा घाटात लागल्यासारखा घरघरतोय,
मी स्टुलावर बसून हातातलं घड्याळ बघतोय,
जुनी खोड.
शेवटी काय टाकू, तहसीन विचारते,
शुभेच्छुक म्हणून नाव?
नाव नको म्हटलं.
काळा पडदा ठेव दोन सेकंद,
आणि त्यात एक लाल दिवा, लांब जाणारा.
शेवटच्या डब्यात कोण असतं
अण्णाला माहीत आहे.