काळी पावती

इचलकरंजीच्या जकात नाक्यावर मी अकरा वर्षं पावत्या फाडल्या.
सुताची बाचकी, गुळाच्या ढेपी, एकदा सर्कशीचा उंट
(उंटाला कुठला दर, ते साहेबालाही माहीत नव्हतं,
शेवटी 'इतर माल' लिहिलं).
मग जकातच गेली.
नाक्याच्या खोलीत कुणीतरी वडापाव सुरू केला
आणि मी इथे आलो, शारजात,
रोलाच्या मागच्या रस्त्यांवर,
जिथे उंटाकडे कुणी वळून बघत नाही
पण पावती लागतेच.

फरक इतकाच की इथे ती मशीन देतं.
मी फक्त काचेतून वाकून बघायचं,
आहे का, संपली का,
आणि वायपरखाली दीडशे दिरहमचा कागद ठेवून पुढे सरकायचं.
अरबीत त्याला मुखालफा म्हणतात.
दुकानदार मलाही तेच म्हणतात.
'मुखालफा आला!' अशी हाक गेली
की झेरॉक्सवाला कुंजुमोन गल्ल्यातली चिल्लर मुठीत धरून,
कुणाचा तरी पासपोर्ट काचेवर पालथा टाकून
मशीनकडे पळतो, गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी.
मी तेवढ्यात वाकून बुटाच्या नाड्या बांधतो.
माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

ऑगस्टात मशीनचं बटण बोटाने दाबवत नाही.
बायका ओढणीचं टोक गुंडाळतात, पुरुष किल्लीने ढोसतात,
नाण्यावरची सुरईही चटका देते,
आत खरंच काही उकळत असल्यासारखी.
आणि तो कागद!
त्यावर शाई नसते. नुसत्या उष्णतेने अक्षर उमटतं,
आणि तीच उष्णता काचेमागे दुपारभर बसून राहिली
की सगळा कागदच अक्षर होऊन जातो.
काळाकुट्ट. तव्याच्या बुडासारखा.
नियम म्हणतो, पावती वाचता आली पाहिजे.
उन्हाबद्दल नियमात काही नाही.

जरबत खानाच्या पिकअपमध्ये तीन जुने फ्रिज होते, दोरीने आवळलेले,
एकाच्या दारावर अजून कुणाच्या तरी पोराने चिकटवलेलं केळं, मासा, विमान.
त्याने पावती माझ्या तळहातावर ठेवली.
पूर्ण काळी.
'दोन टाकले,' तो म्हणाला. बाकी काही नाही.
ना शपथ, ना गयावया,
नुसती दोन बोटं वर.

आमच्याकडे देव पावतो, माल पावतो, पैसे पावतात,
आणि पावल्याची खूण ती पावती.
नाक्यावरचा साहेब मात्र म्हणायचा,
अहो, कुणाच्या तरी नावावर फाडावीच लागते.
मी कागद उन्हात तिरका धरला.
काळ्याच्या आत थोडं जास्त काळं असावं तसं काहीतरी,
किंवा माझ्याच बोटाचा घाम.

'चार वाजून दहा मिनिटांपर्यंत,' मी वाचलं.
मोठ्याने, नाक्यावर वाचायचो तसं.

त्याने कागद परत घेतला, बराच वेळ बघितला,
मग घड्याळ.
'मग नऊ मिनिटं आहेत अजून.'
आणि गेला नाही.
मला वाटलं होतं, दोरी तपासेल, गाडीत चढेल, सुटेल.
तो कठड्यावर बसला.
भरलेले पैसे. त्याने का सोडावेत?
थोडा सरकला. मीही टेकलो.
फ्रिजची सावली आम्हा दोघांवर पडली होती,
गार वगैरे नाही,
सावली.
समोर कुंजुमोन दारात उभा, मुठीत नाणी,
पळावं की नाही ते कळेना त्याला.

आम्ही काही बोललो नाही.
एकदा त्याने विचारलं, तू कुठला,
मी इचलकरंजी म्हणालो, त्याने मान हलवली
जणू तिकडे त्याचा मामा राहतो.

चारला नऊ... म्हणजे चार वाजून नऊ मिनिटांनी तो उठला,
काळी पावती टोपीच्या घडीत खोचली आणि निघाला.

एक मिनिट उरलं होतं.
मी त्या रिकाम्या चौकोनात उभा राहिलो.
मागे पांढरी लेक्सस हॉर्न वाजवत होती.