अंगठा उचल

केमीत डिसेंबरात दुपारी दीडलाच अंधार पडतो.
तौनो पडदे ओढत नाही. ओढून झाकायचं काय?
टीव्हीसमोर त्याने स्वयंपाकघरातली खुर्ची मांडली आहे,
कारण सोफ्यावर माणूस हरायलाच बसतो
असं पिह्लाचं म्हणणं.

पिह्ला चौदा वर्षांची, शेजारच्या जिन्यातली.
तासाला दालचिनीचे दोन पाव, ही तिची फी.
पहिल्या दिवशी तिने टीव्हीची सेटिंग उघडली,
चित्र देखणं करणारं सगळं एकेक बंद केलं.
"देखणं व्हायला वेळ लागतो," म्हणाली,
"तेवढ्यात पक आत जातो."

त्याने तेवीस वर्षं खरा गोल राखला होता,
कागद गिरणीच्या संघासाठी.
भुवईवर सात टाके,
एक दात जुन्या रिंगणाच्या बाकाखाली कुठेतरी.
बर्फावर थांबायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं,
पॅडच इतके जड की थांबावं लागे.
इथे काहीच जड नाही.
अंगठा जरा हलला की पडद्यावरचा गोलकीपर झेपावतो डावीकडे
आणि पक उजवीकडून, निवांत,
उघडं दार दिसलेल्या मांजरासारखा.

उतावळ्याच्या गुडघ्याला बाशिंग म्हणतात.
तौनोने ते निम्मं आयुष्य बांधलं, दोन्ही गुडघ्यांना,
चामड्याचं, आत कापूस भरलेलं,
आणि बर्फावर कधी उतावीळ झाला नाही.
आता लोकरी मोज्यांत बसून
ही लग्नाची घाई.

"अंगठा उचल," पिह्ला म्हणते.
"दाबू नकोस काही. नुसतं बघ."
अंगठा मागणारे गुरू गोष्टींत भेटतात.
ही कापून मागत नाही,
अर्ध्या बोटाइतका वर धरून मागते,
आणि ते जास्त दुखतं.

सरावाच्या मैदानात प्रेक्षक नसतात.
चेहरा द्यायचा राहून गेलेला एक खेळाडू
येतो, तोच हुल देतो, तोच फटका मारतो,
पुन्हा येतो.
दोनशे वेळा.
तौनो गिरणीच्या जुन्या पाळीच्या वहीत रेघा ओढतो;
जिथे टन लिहायचे
तिथे आता चुका.

रविवारी हरलेले सामने बघायचे.
जिंकलेले तिने पुसून टाकले. तीनच होते, तरी.
प्रत्येक गोलाच्या आधी
छोटा गोलकीपर खांदा उडवतो,
कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखा.
"हे मी करतो?"
"दर वेळी."
पिह्ला पाव खात मागे नेते, पुढे नेते, मागे नेते.

गिरणी बंद होताना कागद टेबलावर आला
तेव्हा पहिली सही तौनोची होती.
सही कसली, अंगठाच उठवला.
चौथ्या दिवशी रक्कम वाढली,
थांबलेल्यांसाठी.
हे त्याने पिह्लाला सांगितलं नाही.
"पुन्हा दाखव," एवढंच म्हणाला.

शनिवारी औलूच्या वाचनालयात स्पर्धा.
समोर तोर्नियोचा सांपो, एकोणीस वर्षांचा, च्युइंगम चघळणारा.
तौनो पाच-दोनने हरला.
पण तिसऱ्या सत्रात सांपो एकटा आत आला,
हुल दिली, अजून एक दिली,
च्युइंगम थांबलं,
आणि तौनोचा अंगठा हवेत,
थरथरत, पण हवेत.
सांपोला मारायला जागाच राहिली नाही.
पक बोर्डावर आपटून कोपऱ्यात गेला.
कुणी टाळी वाजवली नाही. गोल थोडाच झाला होता!
पिह्लाने वहीत काहीतरी लिहिलं, दाखवलं नाही.

परतीच्या बसमध्ये तिला झोप लागली.
थांबा जवळ आला.
तौनोने लाल बटणाकडे हात नेला,
पूल जाऊ दिला,
पेट्रोल पंप जाऊ दिला,
मग दाबलं.
बस बरीच पुढे जाऊन थांबली.

गुडघाभर बर्फातून मागे चालताना
पिह्ला अर्धवट झोपेत कुरकुरली,
"आता हा उशीर झाला.
यावर उद्या."